सरपणाची वाट, सायकलची वाट



स्त्रियांच्या प्रश्नांना वाहिलेल्या त्रैमासिकाने डोंगरात सायकल चालवणाऱ्यांवर संपादकीय लिहावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. आमच्या बैठकीतही वाटलं. 'आपल्यापुढे रेशन आहे, घरातली मारहाण आहे, पाण्याची रांग आहे. सायकलवाल्यांचं काय घेऊन बसलीस?' असं एकीने स्पष्टच विचारलं. पण गेलं वर्षभर मीरा-भाईंदरमध्ये काम करताना हा विषय दोन वेगवेगळ्या बाजूंनी माझ्यापुढे येऊन उभा राहिला, आणि दोन्ही बाजूंना बायकाच होत्या. म्हणून तो इथे घेते आहे.

एका बाजूला मीरा रोडच्या आपल्या काही तरुण मैत्रिणी आहेत. नोकरी करणाऱ्या, लोकलच्या गर्दीत रोज तीन-चार तास घालवणाऱ्या. गेल्या काही वर्षांत त्यांनी सायकली घेतल्या आहेत; जाड टायरच्या, गिअरच्या, दगडगोट्यांतून जाणाऱ्या. रविवारी पहाटे पाचला त्या निघतात, घोडबंदर रोडने गायमुखकडे, कधी येऊरला, कधी उलट दिशेने उत्तन-गोराईला. घोडबंदर रोडवर कंटेनर आणि टँकर यांच्यामधून जीव मुठीत धरून जावं लागतं. त्यांचं म्हणणं असं की, शेजारी एवढं जंगल आहे, सरकारी आहे म्हणजे आपल्या सगळ्यांचं आहे, तर त्यातल्या पायवाटा सायकलींना मोकळ्या का असू नयेत? बोरिवलीच्या दारातून तिकीट काढून कान्हेरीच्या डांबरी रस्त्यावर सायकल नेता येते, आत भाड्यानेही मिळते. पण खरी मजा पायवाटेवर, आणि तिथे परवानगी नाही.

दुसऱ्या बाजूला काशिमिऱ्याच्या डोंगरउतारावरच्या पाड्यांतल्या बायका. माशाचा पाडा, डाचकूलपाडा अशी नावं मीरा रोडला वीस-वीस वर्षं राहिलेल्यांनीही ऐकलेली नसतात. या बायका बहुतेक वारली. शहर वाढत वाढत त्यांच्या दारापर्यंत आलं. सायकलवाल्यांना हव्या असलेल्या पायवाटा कोणी आखलेल्या नाहीत. त्या या बायकांच्या आणि त्यांच्या आया-आज्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. सरपणाला, पाण्याला, रानभाजीला, माहेरच्या पाड्याला जाताना.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर ही तीन शहरं त्याला टेकून उभी आहेत. आपल्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांना मोकळं, हिरवं म्हणावं असं जे काही आहे ते पूर्वेचा हा डोंगर आणि पश्चिमेचा उत्तनचा किनारा. तेव्हा जंगलाची ओढ वाटणं यात गैर काही नाही. प्रश्न त्या ओढीला कायद्याने काय नाव दिलं आहे, आणि पाड्यावरच्या बाईच्या गरजेला काय नाव दिलं आहे, हा आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची दोन कलमं मुद्दाम वाचावीत अशी आहेत. कलम २७ सांगतं की अभयारण्यात कोणी शिरायचं, आणि कलम २८ सांगतं की परवाना कोणकोणत्या कामासाठी द्यायचा. राष्ट्रीय उद्यानालाही हीच कलमं लागू होतात. परवान्याची कारणं अशी: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसांशी कायदेशीर व्यवहार. यात पर्यटन आहे, सरपण नाही. म्हणजे रविवारी सायकल घेऊन आलेल्या आपल्या मैत्रिणीसाठी कायद्यात निदान एक खिडकी तरी आहे, ती अर्ज करू शकते. मोळीवाली बाई कशासाठी अर्ज करणार? २००२ च्या दुरुस्तीने एवढी मुभा ठेवली की उद्यानातून काही वनोपज काढलंच तर ते भोवतालच्या लोकांच्या घरगुती गरजेला वापरता येईल, विकायला नाही. पण काढायचं कधी, तर वन्यजीवांच्या भल्यासाठी ते आवश्यक असेल आणि वरून परवानगी आली असेल तेव्हा. त्याआधी १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानांतून आणि अभयारण्यांतून वाळलेली, पडलेली झाडं आणि गवतसुद्धा काढायला मनाई केली. हुकूम दिला गेला तो लाकडाच्या व्यापाऱ्यांना आणि त्यांना सामील असणाऱ्यांना आळा घालण्यासाठी, हे खरं. पण चुंबळीवर काटक्या ठेवून उतरणारी बाईही त्याच जाळ्यात सापडली.

आमच्या समाजकार्याच्या अभ्यासक्रमात 'लाभार्थी' आणि 'वंचित' असे दोन शब्द फार असत. जंगलाच्या बाबतीत मला वाटतं तिसरा शब्द जास्त कामाचा आहे: 'जनता'. सार्वजनिक जमीन म्हणजे जनतेची जमीन, असं आपण सहज म्हणतो. पण तिकीट काढून येते ती जनता, आणि तिथेच राहते ती अतिक्रमण, असा अर्थ हळूहळू रूढ झाला आहे. ७ मे १९९७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला तेव्हापासून हा अर्थ अधिकच घट्ट झाला. त्या प्रकरणात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पुनर्वसनाची यादी, पुरावा, पात्र, अपात्र या शब्दांनी कितीतरी घरांतल्या बायकांची झोप उडवली. जंगल वाचायला हवं होतं, यात वाद नाही. पण वाचवण्याचा हिशेब कोणाच्या पदरात पडतो, ते नेहमी पाहावं लागतं.

आता सायकलवाल्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. नाहीतर आपण नेहमीसारखं 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून मोकळ्या होऊ. डोंगरातली ही सायकल मुळात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी जुन्या, जड सायकली टॅमलपायस नावाच्या डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली, आणि पुढे त्याचा धंदाही झाला, खेळही झाला. लगेच भांडणंही आली. पायी फिरणारे म्हणू लागले, हे आमच्या अंगावर येतात. घोडेवाले म्हणू लागले, घोडे बुजतात. तिथल्या १९६४ च्या कायद्याने राखलेल्या रानांत यांत्रिक वाहतुकीला मनाई होती, त्यात सायकलही धरली गेली. हा वाद तिथे अजून चालू आहे.

त्या वादातली एक गोष्ट आपल्याला उपयोगी आहे. सायकलीच्या चाकांनी वाट खणली जाते, माती वाहून जाते, असा पहिला आक्षेप असतो. मोंटाना राज्यात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र घोड्यांनी आणि पायी चालणाऱ्यांनी सायकलींपेक्षा जास्त माती मोकळी केली, असं दिसलं. आपल्याकडचा पाऊस वेगळा, मुरूम वेगळा. जूनमध्ये भिजलेल्या उतारावर ब्रेक दाबून घसरत उतरलेली सायकल चर पाडते आणि पुढच्या सरीला त्या चराचा ओहोळ होतो, हे काशिमिऱ्याच्या उतारावर कोणीही दाखवील. तरीही 'सायकलने जंगल मरतं' हा मुद्दा मी फार ताणणार नाही. ज्या डोंगराच्या पोटातून ठाणे-बोरिवली असा सुमारे ११.८ किलोमीटरचा मोटारींचा मार्ग नेण्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं, तिथे दोन इंची टायरवर सगळा राग काढणं बरं दिसत नाही.

माझा आक्षेप वेगाला आहे. मोळी डोक्यावर असलेली बाई कशी चालते, ते ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वीस-पंचवीस किलोचं ओझं. मान ताठ, एक हात मोळीला, दुसऱ्या हातात कोयता नाहीतर मूल. तिला मान वळवता येत नाही. मागून काय येतंय ते बघायचं तर अख्खं शरीर वळवावं लागतं. वाट हातभर रुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार आणि कारवी. लांब फांद्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेल्या. ती एकदा लयीत चालायला लागली की थांबत नाही, कारण थांबून पुन्हा ओझं सावरणं हे चालण्यापेक्षा अवघड. बसायचं तर मोळी उतरवायला दुसरी बाई लागते. अशा वाटेवर समोरून नाहीतर मागून सायकल आली तर बाजूला कोणी व्हायचं? सायकलवाल्यांच्या जगात नियम आहे की सायकलने पायी चालणाऱ्याला वाट द्यावी, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. नियम चांगला आहे. पण तो हात मोकळे असलेल्या, मान वळवू शकणाऱ्या, सहलीला आलेल्या माणसासाठी केलेला आहे. मोळीवाली उतरत असते. नियमाप्रमाणे चढणाऱ्या सायकलसाठी तिनेच थांबायचं का?

पाड्यावरच्या एका मावशीने मला हे फार थोडक्यात सांगितलं. 'ते येतात तेव्हा आवाजच नसतो गं. गाडी येते तर कळते. बिबट्याचंपण कळतं, वानरं ओरडतात. ह्यांचं कळत नाही.'

गॅस आला ना घरोघर, मग सरपण कशाला, असं विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली, पाड्यांवर सिलिंडर पोचलेही. पण पहिला सिलिंडर मिळणं आणि दुसरा भरून आणणं यांत किती दिवसांची मजुरी जाते, ते त्यांनाच विचारावं. भाकरी चुलीवर, चहा गॅसवर, अंघोळीचं पाणी चुलीवर, असा मेळ बहुतेक घरांत असतो. पावसाळ्यापूर्वी सरपण साठवून ठेवलं नाही तर श्रावणात चूल पेटत नाही.

सायकल या शब्दाबद्दल मला आणखी एक गोष्ट खटकते. सायकल म्हणजे स्वच्छ, सायकल म्हणजे आरोग्य, पर्यावरण. तिच्या नावाने काहीही मागितलं तरी नाही म्हणणारा वाईट ठरतो. मुंबईतली दोन उदाहरणं पाहा. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या न्यायालयाच्या आदेशाने हटवल्या गेल्या. कारण सायकलचं नव्हतं, जलवाहिनीच्या सुरक्षेचं होतं. पण मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर महापालिकेने जाहीर केला तो मुलुंड ते सायन ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग. तिथून उठवलेल्या हजारो कुटुंबांना माहुलला पाठवलं गेलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत. तिथल्या हवेने माणसं आजारी पडू लागली तेव्हा २०१८ मध्ये विद्याविहारला रस्त्यावर येऊन बसणाऱ्यांत बायका पुढे होत्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की यांना दुसरं घर द्या, नाहीतर दरमहा पंधरा हजार रुपये भाडं द्या. दुसरं उदाहरण पवई तलावाचं. तलावाभोवती सायकल आणि चालण्याचा मार्ग करण्यासाठी भराव टाकला जात होता. ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि टाकलेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. दोन्ही ठिकाणी सायकलस्वारांनी कोणाला उठवलं नव्हतं की तलाव बुजवला नव्हता. त्यांना कोणी विचारलंही नसेल. पण त्यांचं नाव वापरलं गेलं. मीरा-भाईंदरमध्ये उद्या 'निसर्ग सायकल मार्ग' असा फलक लागला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आलं, तर आपल्या मीरा रोडच्या मैत्रिणींनी त्या फलकाखाली उभं राहून फोटो काढायचा की नाही, हे आत्ताच ठरवलेलं बरं.

आणि तरीही, या मैत्रिणींची मागणी मला मनापासून महत्त्वाची वाटते. बाईच्या गरजांची यादी करताना आपण अन्न, पाणी, सुरक्षितता, शिक्षण असं सगळं लिहितो. मौज लिहीत नाही. 'उगाच फिरायला जाणं' हे आपल्या चळवळीतही जरा लाजतच बोललं जातं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या बायकांसाठी नेमका हाच हक्क मागितला: काही काम नसताना बाहेर असण्याचा. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या काळातल्या साक्षरता मोहिमेत हजारो खेडूत बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं, आणि त्या वेळी आपल्यासारख्या मासिकांतून त्याची किती चर्चा झाली, ते जुन्या मैत्रिणी सांगतात. खाणकामाला, पाण्याला, बाजाराला जाणाऱ्या त्या बायका नुसत्या वेळ वाचवत नव्हत्या. त्यांना सायकल चालवायला आवडत होतं, आणि गावातले पुरुष त्यावरूनच टोमणे मारत होते. पहाटे पाचला हेल्मेट घालून निघणाऱ्या आपल्या मैत्रिणीलाही घरात 'एवढी काय हौस' हे ऐकावं लागतंच. मोळीवाली त्याच वेळी उठते. तिला असं कोणी म्हणत नाही. तिच्या बाहेर जाण्याची घराला गरज असते.

पाड्यावरच्या आठवीतल्या एका मुलीला मी विचारलं, तुला जंगलात सायकल चालवायला आवडेल का? ती म्हणाली, 'जंगलात कशाला? शाळेला पाहिजे.' मग जरा थांबून म्हणाली, 'पण त्यांच्यासारखी गिअरची.'

तेव्हा आमची भूमिका काय? सायकलला सरसकट बंदी असावी, असं आम्ही म्हणत नाही. कान्हेरीचा रस्ता आहे, वनखात्याच्या रुंद जाळरेषा आहेत, तिथे दोघींना पुरेशी जागा आहे. पावसाळ्याचे चार महिने आणि पहाटे-संध्याकाळी बिबट्याच्या वेळेला आत शिरू नये, हे कोणीही समजूतदार माणूस मान्य करील. पण पायवाटांचा निर्णय मंत्रालयात, वनखात्याच्या कचेरीत किंवा सायकल क्लबच्या सभेत होऊ नये. तो पाड्यावर व्हावा. हे मागणं हवेतलं नाही. २००६ चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. त्यात निस्ताराचा, म्हणजे रोजच्या गरजेसाठी जंगल वापरण्याचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. त्यातली ग्रामसभेची व्याख्या बघा: स्त्रियांचा पूर्ण आणि अनिर्बंध सहभाग असलेली सभा. २०१२ च्या नियमांनुसार सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका हव्यात, नाहीतर सभाच धरता येत नाही. जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. आपल्या देशातल्या फार थोड्या कायद्यांत बाईला इतकी पक्की जागा मिळालेली आहे.

अडचण अशी की या कायद्याची सगळी यंत्रणा ग्रामसभेपासून सुरू होते, आणि आपण महापालिकेत राहतो. २००२ पासून मीरा-भाईंदर महानगरपालिका आहे. इथे प्रभाग आहेत, नगरसेवक आहेत, ग्रामसभा नाही. पाड्याची सभा ही सभा मानायची की नाही, यावरच कागद अडकतात. सायकलवाल्या मैत्रिणींना माझी विनंती आहे की पायवाटांसाठी अर्ज करण्याआधी या अर्जावर पाड्यावरच्या बायकांबरोबर उभ्या राहा. तुम्हाला नकाशे काढता येतात, फोनवर वाट नोंदवता येते, कचेरीत कोणाला भेटायचं ते कळतं. तो नकाशा तुमच्या क्लबच्या कामाचा आहे, तसा सामूहिक दाव्याच्याही कामाचा आहे.

एक इशाराही देऊन ठेवते. 'पाड्यातल्या महिलांना रोजगार' म्हणून वाटेच्या तोंडाशी भाकरी-पिठल्याचे स्टॉल लावायची कल्पना लगेच पुढे येते. लावू देत, ज्यांना हवे त्यांना. पण ज्या बाईला आपल्या वाटेबद्दल बोलायचं आहे, तिला आधी चूल पेटवून दाखव म्हणणं हा काही संवाद नव्हे. वाट दाखवण्याचं काम तिला का मिळू नये? जंगल तिच्याइतकं कोणाला माहीत आहे?

गेल्या महिन्यात आम्ही अशी एक बैठक घेतली. पाड्यावरच्या नऊ बायका आणि सायकल चालवणाऱ्या चौघी. मोठ्या कागदावर वाटा काढायच्या ठरल्या. सरपणाच्या वाटेला लाल रेघ, पाण्याच्या वाटेला निळी, दुसऱ्या पाड्याला जाणारीला हिरवी. दोन हिरव्या वाटांवर सायकली आल्या तर हरकत नाही, घंटी वाजवा म्हणजे झालं, असं बायकांचं लवकरच ठरलं. लाल वाटेवर नको, यावरही एकमत झालं आणि सायकलवाल्या चौघींनी ते मान्य केलं.

मग एक वाट राहिली. ती कागदावर काढायला कोणी तयार होईना. खूप वेळ एकमेकींकडे बघून झाल्यावर एका म्हातारीने सांगितलं की त्या वाटेने त्या पहाटे झाडीत जातात. पाड्यावर संडास बांधलेले आहेत, पण पाणी नाही. ती वाट आणि ओढ्यावरची अंघोळीची जागा एवढीच त्यांची आडोशाची म्हणावी अशी. तिथे सायकली नकोत. पण नकाशावर ती आली तर दाव्याच्या कागदांबरोबर ती सगळ्यांच्या हातांत जाईल, साहेबांच्या, शिपायांच्या, पुरुषांच्या. आणि नकाशावर आली नाही, तर ती वाट कोणाचीच नाही, मोकळी आहे, असंच धरलं जाईल.

त्या दिवशी आम्ही ती काढली नाही. पुढची बैठक पाड्यावरच आहे, रविवारी दुपारी. सायकलवाल्या चौघी येणार आहेत. आधी संडासाच्या पाण्याचा अर्ज लिहायचा, असं ठरलं आहे.